फासेपारध्यांवर पेपर लिहिताय? आधी बघा ते पुस्तक कुणासाठी लिहिलं होतं

एम.ए. भाग दोनच्या प्रोजेक्टची ड्राफ्टं यायचे दिवस सुरू झालेत. मी सांगलीत एका कॉलेजला तासिका तत्त्वावर सोशॉलॉजी शिकवते (पगाराचं विचारू नका, दुखरी नस आहे) आणि दरवर्षी मला पोरांचं लिखाण वाचायच्या आधी शेवटचं पान उघडायची सवय लागलीय, म्हणजे संदर्भसूची. त्यावरून पोरगं कुठं कुठं फिरलंय आणि कुठं नुसतं कॉपी-पेस्ट केलंय हे लगेच कळतं.

यंदा एका पोरीनं, तिला इथं रेश्मा म्हणू, विषय घेतला सातारा-सांगली भागातले फासेपारधी आणि गुन्हेगार जमाती कायदा, म्हणजे अख्ख्या जमातीच गुन्हेगार ठरवून त्यांची नोंद आणि हजेरी ठेवणारा ब्रिटिशांचा कायदा. विषय एकदम चांगला, आपल्या मातीतला, कुणी फारसं हात न घातलेला. सूची बघितली तर दोन विकिपीडिया, एक युट्यूब व्हिडिओ, तीन 'इंटरनॅशनल जर्नल'मधले चार-चार पानांचे लेख, एक पोलिस अधिकाऱ्याचं १९०८ सालचं पुस्तक, एक पीएच.डी.चा प्रबंध आणि शेवटी 'प्रत्यक्ष मुलाखती' एवढंच, कुणाच्या, कधी, कुठं काही नाही. आता याच्यावर ओरडून काही उपयोग नसतो, कारण संदर्भ कसे तपासायचे हे आपण पोरांना शिकवतच नाही, फक्त 'चांगले संदर्भ वापरा' म्हणतो. चांगले म्हणजे काय ते कोण सांगणार.

मग आम्ही दोघी एकेक संदर्भ घेऊन बसलो. मी तिला एकच प्रश्न लावून धरला, की हे साधन कशाचा पुरावा आहे? खरं आहे का खोटं आहे हे नंतर बघू. तुला पारध्यांबद्दल सांगतंय, का पारध्यांकडं बघणाऱ्याबद्दल सांगतंय, का नुसतं दुसऱ्या पुस्तकाबद्दल सांगतंय?

पहिलं वाक्यच घ्या. ड्राफ्टची सुरुवात होती 'संयुक्त राष्ट्रसंघाच्या २००७ च्या जाहीरनाम्यातील व्याख्येनुसार आदिवासी म्हणजे...' आणि पुढं चार ओळी. मी म्हटलं, जाहीरनामा उघड आणि व्याख्या दाखव. उघडला, शोधशोध शोधलं, व्याख्या नाहीच! त्या जाहीरनाम्यात मूलनिवासी कोण याची व्याख्या मुद्दामच ठेवलेली नाही, उलट आपली ओळख आपण ठरवायचा हक्क त्या लोकांना दिलाय. त्या चार ओळी आल्या होत्या युनोसाठीच लिहिलेल्या मार्टिनेझ कोबो यांच्या जुन्या अहवालावरून, जाहीरनाम्याच्या वीसेक वर्षं आधीच्या. कुणीतरी कधीतरी चुकीचं नाव लावलं आणि पुढं सगळ्यांनी तसंच उचललं. आणि भारतापुरतं बोलायचं तर ही गोष्ट अजून गुंतागुंतीची, भारतानं २००७ ला जाहीरनाम्याच्या बाजूनं मत दिलं पण सरकारची भूमिका कायम अशी की आम्ही सगळेच इथले मूळचे. हे सगळं तुझ्या पेपरला लागतंय का? नाही लागत. मग काढ. आपल्याकडं पोरांना वाटतं की पहिल्या पानावर युनो आली की पेपर वजनदार होतो.

दुसरं वाक्य होतं, 'ब्रिटिशांनी १८७१ साली साताऱ्यातील पारध्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवले.' हे वाक्य तुम्हाला शंभर ठिकाणी सापडेल, भाषणात, लेखात, स्टेटसवर. १८७१ चा कायदा खरा आहे, पण तो सुरुवातीला लागू झाला उत्तरेत, म्हणजे वायव्य प्रांत, अवध, पंजाब इकडं, मग १८७६ ला बंगालमध्ये. मुंबई इलाख्यापर्यंत तो आला १९११ च्या कायद्यानं. पुढं १९२४ ला सगळं एकत्र करून नवीन कायदा झाला आणि देशभरात तो रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला, म्हणूनच त्या तारखेला विमुक्त दिन करतात (विमुक्त म्हणजे या कायद्यातून सुटलेल्या जमाती). म्हणजे साताऱ्यापुरतं बोलायचं तर त्या वाक्यात चाळीस वर्षांचं अंतर आहे. याचा अर्थ १९११ च्या आधी इथं पारध्यांना, रामोश्यांना पोलिसांचा त्रास नव्हता असं अजिबात नाही, हजेरी होती (पाटलाकडं किंवा चौकीत जाऊन आपण इथंच आहोत हे दाखवायचं), गावकीचे नियम होते, पण मग ते कुठल्या नियमाखाली होतं ते शोधायला पाहिजे, १८७१ लिहून मोकळं व्हायचं नाही.

आणि त्यात पुन्हा आपला नकाशा! हे बाहेरच्या माणसाला कळतच नाही. सांगली जिल्हा असं नावच १९६० च्या आधी नव्हतं. १९४९ ला दक्षिण सातारा झाला, त्याच्या आधी तासगाव, वाळवा, खानापूर हे ब्रिटिशांच्या सातारा जिल्ह्यात, सांगली पटवर्धनांची, मिरज दुसऱ्या पटवर्धनांची, जत डफळ्यांचं, आटपाडी औंधच्या पंतप्रतिनिधींची, फलटण निंबाळकरांचं. ब्रिटिश कायदा संस्थानात आपोआप लागू होत नव्हता, तिथं संस्थान करील तो नियम. शेजारच्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ मध्ये हजेरीची पद्धत बंद केली, त्याच काळात इकडं ब्रिटिश मुलखात कायदा आवळत चालला होता. म्हणजे दोन गावं, मधे एक ओढा, आणि ओढ्याच्या अलीकडं एक कायदा, पलीकडं दुसरा. मी रेश्माला सांगितलं, तुझ्या प्रत्येक गावाच्या नावापुढं पेन्सिलनं लिही की १९४८ च्या आधी हे कुणाच्या ताब्यात होतं. मग कळेल की कुठली कागदपत्रं कुठं बघायची. ब्रिटिश मुलखातल्या गावाचं सातारा गॅझेटियरमध्ये (म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी माहितीग्रंथात) सापडेल, पण जतच्या गावासाठी नुसतं तेच उघडून बसलीस तर भागणार नाही.

आता ते १९०८ चं पुस्तक. मायकेल केनेडी नावाच्या पोलिस अधिकाऱ्याचं, मुंबई इलाख्यातल्या 'गुन्हेगार वर्गां'वरची टिपणं. इंटरनेट आर्काइव्हच्या साइटवर फुकट मिळतं म्हणून सगळेच वापरतात. रेश्मानं त्यातून पारध्यांचं राहणीमान, कपडे, बोली, सवयी असं सगळं उचलून 'समाजजीवन' या प्रकरणात टाकलं होतं. मी म्हटलं, आधी मुखपृष्ठ वाच, पूर्ण नाव वाच. त्या लांबलचक नावात शेवटी असं आहे की सोबत इलाख्यात अधूनमधून येणाऱ्या परक्या गुन्हेगारांवर पुरवण्या आणि खोटी नाणी ओळखायच्या युक्त्या जोडल्यात. खोटी नाणी! समाजजीवनाच्या पुस्तकात खोटी नाणी कशाला येतील? हे पुस्तक फौजदाराच्या टेबलावर ठेवायला लिहिलंय, माणूस पकडायला.

मग आतली रचना बघितली. प्रत्येक जमातीला तेच साचेबंद मथळे. राहण्याचा मुलूख, दिसणं आणि पेहराव, बोली, मग उपजीविकेचं वरवर दाखवायचं साधन, मग कुठल्या गुन्ह्याची चटक, गुन्हा करायची पद्धत, हत्यारं, चोरीचा माल लपवायच्या आणि खपवायच्या जागा. आता तुम्हीच बघा, मथळाच जर 'वरवरचं साधन' असेल तर त्याखाली काहीही लिहिलं तरी ते ढोंगच ठरणार की. पारधी तितर-ससे धरून विकतो, फास लावतो, रानातला वैदू आहे, हे सगळं 'वरवरचं'. म्हणजे उत्तर आधी ठरलंय, जमातीचं नाव नंतर भरलंय. रेश्मा जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, मग मॅडम हे काढूनच टाकू का?

नाही ना! इथंच पोरं दुसऱ्या टोकाला जातात. ब्रिटिशांनी लिहिलंय म्हणजे सगळं खोटं, टाका बाहेर. अगं, हे पुस्तक पोलिसांबद्दलचा पहिल्या नंबरचा पुरावा आहे. पोलिस काय बघत होते, कशाला संशय म्हणत होते, मुक्काम हलवणं हाच गुन्ह्यासारखा कसा वाटत होता, हे सगळं त्यात त्यांच्याच हातानं लिहिलेलं आहे, याच्यापेक्षा चांगलं साधन मिळणार नाही. फक्त 'समाजजीवन' या प्रकरणातून उचल आणि 'पोलिसी नजर' या प्रकरणात ठेव. तीच पानं, तीच वाक्यं, पण आता ती वेगळ्या गोष्टीची साक्ष देतात.

हेच रामोश्यांबद्दल. आपल्याकडं इंग्रजांविरुद्ध बंड केलेल्या उमाजी नाईकांवर लिहायचं म्हटलं की जो मूळ इंग्रजी ग्रंथ सगळे शोधतात तो कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉशचा, १८३३ चा, आणि हा मॅकिंटॉश म्हणजे उमाजींना पकडायच्या मोहिमेतलाच माणूस. उमाजींना पुण्यात फाशी दिली फेब्रुवारी १८३२ मध्ये आणि पुढच्या वर्षी पुस्तक. त्यात बारकावे भरपूर आहेत, कारण त्यानं माग काढायला खूप माहिती गोळा केली होती, पण ती कशासाठी गोळा केली हे डोक्यात ठेवूनच वाचायचं. आणि जाता जाता सांगते, इंग्रज अधिकाऱ्यांच्या नावावर उमाजींची स्तुती करणारी जी वाक्यं फेसबुकवर फिरतात त्यांच्याखाली कधी पान नंबर बघितलाय? मला आजवर दिसलेला नाही. पान नंबर मागा. नाही दिला तर वापरू नका, वाक्य कितीही आवडलं तरी.

तिसरी गंमत साखळीची. रेश्माच्या सूचीत पारध्यांच्या विवाहपद्धतीबद्दल एका प्रबंधाचा दाखला होता. प्रबंध शोधगंगेवर (पीएच.डी.च्या प्रबंधांची साइट) आहे, उघडला, त्यात तळटीप एन्थोवेनची. एन्थोवेनचे मुंबई इलाख्यातल्या जाती-जमातींवरचे तीन खंड, १९२० ते १९२२. तिथं गेलो तर मजकूर बऱ्यापैकी तसाच, जो त्याच्या आधीच्या कॅम्पबेलच्या गॅझेटियरांतून आलेला. साताऱ्याचं गॅझेटियर १८८५ चं, एकोणिसावा खंड. म्हणजे २०१० च्या पुढच्या प्रबंधात वर्तमानकाळात लिहिलेलं 'पारधी असे करतात' हे सव्वाशे वर्षांपूर्वी कुणा मामलेदारानं, कुणा कारकुनानं वर पाठवलेल्या माहितीवर उभं. चार संदर्भ दिसतात पण पुरावा एकच. पोरं म्हणतात मॅडम चार जणांनी लिहिलंय, अरे चार जणांनी एकाच्याच वहीतून उतरवलंय!

मराठीतलंही असंच. गावगाडा सगळ्यांनी वाचलेलं असतं, १९१५ चं, त्रिंबक नारायण आत्र्यांचं. पुस्तक जबरदस्त आहे, गावाची रचना त्याच्याइतकी बारीक कुणी मांडली नाही. पण भटक्या लोकांवरचा भाग वाचताना ध्यानात ठेवायचं की लेखक महसूल खात्यातला, बसलेल्या गावाच्या ओट्यावरून बघणारा. फिरता माणूस त्याला गावावरचा भार वाटतो. मराठी आहे, आपल्यातलं आहे म्हणून नजर आपोआप बरी होते असं नाही.

कुठं शोधायचं हे पटकन सांगते, कारण इनबॉक्सला हाच प्रश्न जास्त येतो. जुनी इंग्रजी पुस्तकं आणि गॅझेटियर आर्काइव्हवर, गॅझेटियर राज्य सरकारच्या गॅझेटियर विभागाच्या साइटवरही आहेत. प्रबंध शोधगंगेवर, पण प्रबंध हा रस्ता समजायचा, मुक्काम नाही, त्याच्या सूचीतून मूळ साधन काढायचं आणि ते स्वतः बघायचं. शिवाजी विद्यापीठात, कोल्हापूरला, खर्डेकर ग्रंथालय आहेच. पुण्यात गोखले इन्स्टिट्यूटची लायब्ररी आणि आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था, ही १९६२ पासूनची, तिचे अहवाल आणि ग्रंथालय दोन्ही कामाचं. कागद बघायचे असतील तर पुराभिलेखागार, मुंबई, पुणे, कोल्हापूर, आणि तिथं जायच्या आधी मोडीचा एखादा वर्ग करा नाहीतर नुसतं कागदांच्या रुमालाकडं, म्हणजे गठ्ठ्याकडं, बघत बसाल. भटक्या-विमुक्तांवरच्या समित्या-आयोगांचे अहवाल सोडू नका. १९४९-५० ची अय्यंगार समिती, २००८ चा रेणके आयोग, त्यानंतरचा इदाते आयोग. अय्यंगार समिती तर कायदा रद्द व्हायच्या आधीची, तिच्यात 'सुधारणा' या शब्दाआड अजूनही तीच भीती कशी डोकावते ते वाचण्यासारखं आहे.

जर्नलबद्दल मी थोडं कडवट बोलणार. इंटरनॅशनल म्हणवणारी ही जर्नलं, ज्यात इंजिनिअरिंगपासून योगापर्यंत सगळं एकाच अंकात असतं, पैसे भरले की आठवड्यात छापून येतं, ऑफिसचा पत्ता मात्र आपल्याच शेजारच्या तालुक्यातला. आयएसएसएन नंबर आहे म्हणजे दर्जा आहे असं पोरांना वाटतं, तो नंबर फक्त नोंदणीचा असतो हो. यूजीसीनं मान्य जर्नलांची केअर यादी केली होती, २०२५ मध्ये तीही गुंडाळली, आता ठरवायचं कॉलेजांनी आणि आपण. मी एकच गोष्ट बघते, लेखात एक तरी अशी माहिती आहे का जी लेखकानं स्वतः कुठंतरी जाऊन, बघून, वाचून आणलीय? रेश्माच्या तिन्ही लेखांत तसं काहीच नव्हतं, एकात तर 'पारधी' च्या जागी 'कैकाडी' घातलं असतं तरी लेख तसाच राहिला असता. तिन्ही गेले. आणि एआयला संदर्भ विचारू नका, म्हणजे विचारा, पण त्यानं दिलेलं प्रत्येक पुस्तक ग्रंथालयाच्या कॅटलॉगमध्ये सापडतंय का ते बघा. लेखकाचं नाव झकास, प्रकाशक झकास, साल झकास आणि पुस्तक पृथ्वीवर नाही, असं यंदा दुसऱ्या एका पोराच्या सूचीत निघालं.

आकड्यांकडं वळते. ड्राफ्टमध्ये एक ओळ होती की महाराष्ट्रात १९७१ ते १९८१ मध्ये आदिवासींची लोकसंख्या झपाट्यानं वाढली. जनगणनेत तसं दिसतं खरं, १९७१ ला सहा टक्क्यांच्या आत, १९८१ ला नऊ टक्क्यांच्या वर. पण मधे १९७६ चा कायदा आला, क्षेत्रबंधन उठवणारा. आधी एखादी जमात ठराविक तालुक्यांतच अनुसूचित धरली जायची, तेवढ्याच तालुक्यांत मोजली जायची, नंतर ती राज्यभर धरली. लोक तेच, यादी बदलली. (आणि काही भलत्याच लोकांनी नावं लावून घेतली हा वाद वेगळाच, तो इथं उघडत नाही.) आकडा खोटा नाही, पण तो जन्मदराचा पुरावा नाही, यादीचा पुरावा आहे.

पारध्यांच्या बाबतीत तर अजून अवघड. अनुसूचित जमातींच्या यादीत पारधी, अडविचिंचेर, फासेपारधी, लंगोली पारधी, बहेलिया, चिता पारधी, शिकारी, टाकणकर असे सगळे मिळून एकच नोंद आहे, त्यामुळं जनगणनेच्या तक्त्यात फासेपारध्यांचा वेगळा आकडा मिळतच नाही. पाल पारधी आणि राज पारधी मात्र विमुक्त जातींच्या यादीत, त्यांची जनगणनेत वेगळी मोजणीच नाही. एकाच वस्तीवर दोन याद्यांतली माणसं असू शकतात. रेणके आयोगाचा देशातल्या भटक्या-विमुक्तांचा पावणेअकरा कोटींच्या आसपासचा जो आकडा सगळे देतात तो अंदाज आहे, मोजणी नाही, आणि पेपरात 'अंदाजे' हा शब्द गाळला की चूक झालीच. सातारा-सांगलीत अनुसूचित जमातींचं प्रमाण २०११ ला एक टक्क्याच्या आतबाहेर. एवढ्या लहान आकड्यावर टक्केवारीची वाढ-घट दाखवणारे रंगीत ग्राफ काढू नका, छान दिसतात आणि काही सांगत नाहीत.

आता एक अशी गोष्ट जी मला वाटतं प्रत्येक विद्यार्थ्याला कळली पाहिजे, की ही जुनी पुस्तकं काही नुसती ग्रंथालयात पडलेली नाहीत. अनुसूचित जमातीच्या दाखल्याची पडताळणी होते तेव्हा कागदांबरोबर आप्तभाव चाचणी होते. समिती विचारते, तुमचं कुलदैवत कोणतं, लग्न कसं लावता, मेल्यावर काय करता, बोलीत अमुकला काय म्हणता. आणि उत्तरं बरोबर का चूक हे ठरवायला पुष्कळदा हाताशी असतात ती एन्थोवेन, रसेल अशांचीच पुस्तकं. म्हणजे १८८५ ला कुणा कारकुनानं जे ऐकून लिहिलं ते आज एखाद्या पोराच्या मेडिकलच्या सीटचं माप होतं. आजोबा गाव सोडून सांगलीत हमालीला आले, बापानं सत्यनारायण घातला, पोरगं शहरात शिकलं, बोली विसरलं, मग ते 'पुस्तकाप्रमाणं' पारधी उरलं नाही? मार्च २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं महाराष्ट्रातल्याच ठाकूर जमातीच्या प्रकरणात सांगितलं की आप्तभाव चाचणी ही अंतिम कसोटी धरता येणार नाही, कागद आणि बाकीचा पुरावा एकत्र बघायचा. तो निकाल वाचा. संदर्भ कसा जोखायचा याच्यावर एवढं स्पष्ट लिहिलेलं मला कुठल्या रिसर्च मेथडॉलॉजीच्या पुस्तकात मिळालं नाही.

तसंच लोकूर समितीचं, १९६५. अनुसूचित जमात ठरवायला आदिम लक्षणं, वेगळी संस्कृती, भौगोलिक एकाकीपणा, बाहेरच्यांशी मिसळायचा संकोच आणि मागासलेपण असे पाच निकष तिनं दिले आणि पोरं ते 'आदिवासी समाजाची वैशिष्ट्ये' म्हणून परीक्षेत लिहितात. ते सरकारी निकष आहेत, कुणाचा स्वभाव नव्हे. ज्या माणसाला गावात शिरलं की पोलिस पाटलाकडं नेऊन बसवतात, तो संकोच करणार नाही तर काय.

वर्तमानपत्रांचा ढीगही रेश्मानं आणला होता. स्थानिक आवृत्तीतल्या बातम्या, 'पारधी टोळी जेरबंद' छापाच्या. यात बघायचं काय, तर बातमी पोलिसांच्या प्रेसनोटवरून लिहिलीय का, आणि दुसऱ्या जातीचा आरोपी असला की मथळ्यात जात येते का. नाही येत. हा तुलनेचा तक्ता तिनं स्वतः बनवला आणि मला विचाराल तर तिच्या पेपरातलं सगळ्यात चांगलं पान तेच झालंय. तिथं ती कुणाचं उतरवत नाहीये.

मग राहिलं ते लोकांचं स्वतःचं म्हणणं, जे सूचीत सगळ्यात खाली, एका ओळीत होतं. माझ्या मते ते वर पाहिजे. लिखित नाही असं नाही, लक्ष्मण मान्यांचं उपरा आहे, फलटण तालुक्यातल्या कैकाडी माणसानं लिहिलेलं, १९८१ चा साहित्य अकादमी मिळालेलं, ते आपण मराठी साहित्याच्या पेपरला ठेवतो आणि समाजशास्त्राच्या सूचीत घालायला लाजतो. घटना समितीत १९ डिसेंबर १९४६ ला आदिवासी नेते जयपालसिंग मुंडा जे बोलले ते शब्दशः छापील आहे, संसदेच्या साइटवर. सरकारी कागदात सुद्धा त्यांचा आवाज आहे, शोधला तर. आणि वनहक्क कायदा बघा, २००६ चा, त्याच्या नियमांत दाव्याचा पुरावा म्हणून गॅझेटियर, जनगणना यांच्याबरोबरीनं वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाब चालतो असं स्पष्ट म्हटलंय. कायद्याला जे चालतं ते आमच्या काही सरांना 'ऐकीव माहिती' वाटतं.

पण ऐकीव म्हणून तपासायचं नाही असंही नाही. तासगाव तालुक्यातल्या एका वस्तीवर रेश्मा एका आज्जींकडं जात होती, ऐंशीच्या आसपासच्या. त्या म्हणाल्या, "म्या लगीन करून आले तवा सासरा रोज सांजंला पाटलाकडं हजेरी द्याया जायाचा, एकदा तापानं फणफणला हुता तर दीर जाऊन सांगून आला, तरी दुसऱ्या दिशी शिव्या खाल्ल्या." रेश्मानं वहीत बाजूला लिहिलं होतं, 'काळाची गल्लत, कायदा १९५२ ला रद्द.' कारण हिशोब केला तर आज्जींचं लग्न १९६० च्या आसपासचं येतं.

मी तिला म्हटलं, थांब. आज्जींनी हे दुसऱ्याकडून ऐकलेलं नाही, घरात बघितलंय, आणि तापाचा प्रसंग, दीर गेला हे असं सांगणं पुस्तकातून येत नाही. तारीख चुकू शकते, पण सून म्हणून घरात आल्यावर बघितलं हे चुकायची शक्यता कमी. मग दुसरी बाजू बघू, कायदा रद्द झाल्यावर काय झालं? मुंबई राज्यात १९५९ ला सराईत गुन्हेगारांचा कायदा आला, त्यात पुन्हा नोंद, पुन्हा हालचालीवर बंधन, फक्त आता जमातीऐवजी माणसाच्या नावानं. आणि कायद्याच्या पलीकडं गावातली सवय असते, पोलिस पाटलाला राजपत्र वाचून दाखवायला कोण गेलं होतं? म्हणजे गल्लत आज्जींची नसून आपली आहे, आपण कायद्याची तारीख ही जगण्याची तारीख धरून चाललो. आता रेश्मा सासऱ्यांच्या नावाची नोंद कुठं मिळते का ते शोधतेय, मिळाली तर १९५९ च्या कायद्याखाली होती का नुसतीच गावकी होती हे कळेल, नाही मिळाली तर तसं लिहायचं, की आज्जी असं सांगतात आणि कागद मिळाला नाही. दोन्ही चालतं. शोधनिबंधात 'मिळालं नाही' लिहायला पोरं का घाबरतात कुणास ठाऊक.

या शोधाला अजून एक पदर आहे. जमातीच्या दाखल्याला ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा लागतो. पालावर जगलेल्या माणसाकडं तेव्हाचा शाळेचा दाखला कुठनं असणार, सातबारा कुठनं असणार. मग ज्या पोलिसी रजिस्टरात आज्ज्याचं नाव गुन्हेगार म्हणून लिहिलं, तिथंच त्याची जमात लिहिलेली असते. आज्जींच्या नातवाला तेच पाहिजे. रेश्मा कोल्हापूरला जाऊन काय काय बघणार आहे याची त्यानं तिच्यापेक्षा नीट यादी केलीय, गावांची जुनी नावं, चुलत घराण्यातली नावं, कोण कुठल्या संस्थानात होतं ते सगळं, आणि ती यादीच आता तिच्या पेपरचं परिशिष्ट होणार आहे, त्याला विचारून. तो पण खरं तर संशोधकच आहे, फक्त त्याला मार्क मिळत नाहीत.

सध्या भांडण चालू आहे ते नावावर. आमच्या विभागात नियम असा की मुलाखत देणाऱ्याचं नाव द्यायचं नाही, 'उत्तरदाता क्रमांक ४' असं लिहायचं, सुरक्षिततेसाठी. आज्जींना हे सांगितलं तर त्या भडकल्या, म्हणाल्या आयुष्यभर आमाला लंबरच हुता, आता तुमी पन लंबर देता व्हय, नाव घाला माझं. दुसरीकडं नातू म्हणतो नाव नको, पोलिस ठाण्यात अजून ओळखीचे लोक आहेत, उद्या काय झालं तर आधी आमच्याच दारात येतील. दोघांचंही खरं आहे. मी असं सुचवलंय की आज्जींचं नाव घालायचं पण गाव आणि सासऱ्यांचं नाव काढायचं, विभागातल्या एका सरांचं म्हणणं असं केल्यानं तळटीप तपासताच येणार नाही मग तिचा उपयोग काय. रेश्मा म्हणते आज्जींना पुन्हा विचारून, सगळ्या घरासमोर बसून ठरवू, येत्या रविवारी ती परत चाललीय. कुणी असं मौखिक साधनांचं काम केलं असेल आणि त्यांच्या विद्यापीठात याबद्दल काही लेखी नियम असतील तर मला पाठवा, मराठीत असतील तर फारच बरं, म्हणजे आज्जींनाही वाचून दाखवता येतील.